हॉलिस ब्रेकवर आहे

हॉलिस मेला त्या आठवड्यात टिप्समध्ये त्याने माझ्यापेक्षा जास्त कमावले.

यात चेष्टा नाही. आमच्या कॅसिनोत टिप कुणा एकाची नसते. ज्या टेबलावर जे पडेल ते त्या टेबलाच्या पेटीत जातं, रोज सकाळी सगळ्या पेट्या एकत्र रिकाम्या होतात, आणि आठवड्याला एकदा, ज्याने जितके तास पत्ते वाटले त्या हिशेबाने वाटणी होते. खोऱ्याने टिप ओढणारा आणि दिवसभर माश्या मारणारा, दोघांना तासाला सारखंच. रजेवर असलात तर काही नाही. नवरा मेला म्हणून मी रजेवर होते, म्हणून मला काही नाही. आणि आमच्यातला डीलर मेला तर त्याचं नाव दोन आठवडे वाटणीत ठेवायचं, तेही त्याच्या नेहमीच्या तासांनी, ही आमच्याकडची जुनी रीत. मालकांचा तिच्याशी संबंध नाही. पैसे आमचे, रीत आमची. हॉलिसचे नेहमीचे तास आठवड्याला चाळीस. तेव्हा त्याला चाळीस आणि मला भोपळा.

म्हणून भांडी मी घासली.

हरलेल्याने आठवडाभर भांडी घासायची, हा आमच्या घरचा कायदा. तासाचा दर सगळ्यांना एकच असल्यामुळे पैज खरं तर तासांचीच होती. भांडी धुण्याचं यंत्र बिघडलं तेव्हा दुरुस्तीवाल्याला बोलवायचं सोडून हॉलिसने ही टूम काढली, आणि त्या यंत्रात आम्ही बटाटे ठेवायला लागलो. तो कामावरून कधी लवकर निघायचा नाही. गिऱ्हाईक नसलं की सुपरवायझर विचारत फिरतो, कुणाला घरी जायचंय, तेव्हा पहिला हात माझा वर. त्यामुळे भांडी बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात. त्याची पाठ धरली की मग मी जिंकायचे. मग तो सिंकसमोर उभा राहून कण्हायचा, मुद्दाम, मला दिवाणखान्यात ऐकू येईल असा.

फेब्रुवारीत तो गाडीचे टायर बदलायला गेला होता. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत कॉफीचा कागदी कप धरून बसला आणि बसल्या जागी गेला. टायरवाल्या पोरांना वाटलं, म्हातारा पेंगतोय. गाडी तयार झाल्यावर त्यांनी हाका मारल्या. टायरचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. नव्या टायरांची गाडी चालवत मी घरी आले, रस्त्यावर बर्फ होतं, गाडी जराही घसरली नाही, आणि माझ्या मनात आलं, टायर चांगले निघाले. दुसरं काही आलं नाही. पुढेही आलं नाही. लोक म्हणाले, धक्का आहे, ओसरेल, रडू येईल तेव्हा येऊ दे. मी वाट बघितली. दाताच्या डॉक्टरने सुई मारली की ओठ आपला असून आपला वाटत नाही, तसं मला अंगभर झालं होतं.

कामावर परत आले तेव्हा ब्रेकच्या खोलीत सगळे हॉलिसबद्दल बोलत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध. एकजण म्हणाला, हॉलिस कधी कुणावर चिडला नाही. चिडायचा. गिऱ्हाइकावर नाही, आमच्यावर चिडायचा. पण टिप आणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, हे मात्र खरं. टेबलावर आलेल्या माणसाला तो पाच मिनिटांत गावाकडचा मित्र करून टाकायचा. माझं तसं नाही. मी पत्ते स्वच्छ वाटते, हिशेब चुकत नाही, आणि हसत नाही. आमच्यातला जुना डीलर गेताचू आम्हा दोघांना तोंडावर म्हणायचा, "हसू वाटताना देवाने तुमच्या घरी एकच वाटा टाकला, तो हॉलिसने उचलला. तो कमावतो आणि मर्ना खाते." आम्ही दोघंही हसायचो. म्हणजे तो हसायचा.

दोन आठवडे झाले. दर सोमवारी दिवसपाळी संपली की वाटप समिती ब्रेकच्या खोलीत उभी राहते आणि जे काही ठरवायचं ते हात वर करून ठरतं. समिती म्हणजे आम्हीच निवडलेले तिघं: गेताचू, स्नेझाना आणि मी. त्या सोमवारी विचारायची पाळी स्नेझानावर आली. तीस वर्षांपूर्वी बल्गेरियातून आली, आवाज भांड्यासारखा खणखणीत, पण त्या दिवशी भांड्यावर कुणी फडकं टाकलं होतं.

"हॉलिसचं नाव आहे तसंच ठेवायला कुणाची हरकत?"

रीत अशी की कुणीतरी एकजण हळूच हात वर करतो, कुणी त्याच्याकडे बघत नाही आणि नाव निघतं. त्या दिवशी सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. मी समोर उभी. माझ्या तोंडावर कोण हात वर करणार? नाव राहिलं. पुढच्या सोमवारीही राहिलं. मीही बुटांकडेच बघत होते. मला पैसे नको होते, घर आमचं फिटलेलं आहे. पण दर आठवड्याला वाटणीत त्याचे चाळीस तास यायचे, माझे तीस-बत्तीस, आणि मी हरायचे. घरी जाऊन भांडी घासायचे. जो दर आठवड्याला आपल्याला हरवतो तो मेला कसा म्हणायचा? मला एवढंच पाहिजे होतं. ते गेलं असतं तर काय उरलं असतं, हे मला बघायचं नव्हतं.

हॉलिसला जाऊन असे सात आठवडे झाले.

सातव्या सोमवारी सकाळी मी बायकांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत बूट बांधत होते. कपाटांच्या पलीकडे क्रिसांता कुणाशी तरी बोलत होती. ती वर्षापूर्वी लागली, मनिलाकडची, दोन लहान मुली, आणि तिला आठवड्याचे चारच दिवस मिळतात.

"मेलेल्याला अख्खा आठवडा आणि मला चार दिवस," ती म्हणत होती. "देवाशप्पथ, मी पण मरून बघते. निदान घरभाडं तरी निघेल."

"हळू बोल गं. ती येईल."

"येऊ दे. आली तरी तिला काय कळतंय? मी काल 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर तिने माझ्या पलीकडच्या भिंतीला उत्तर दिलं."

मी बुटाची दुसरी नाडी बांधली. ती चूक बोलत नव्हती. मला राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. काही नाही. मी बो टाय लावला आणि टेबलावर गेले.

अकराच्या सुमाराला ऑरिन टिबेट्स आला. रेल्वेतून निवृत्त झालेला, ऐंशीच्या घरातला. हिवाळाभर आयडाहोत मुलीकडे राहतो आणि बर्फ वितळलं की इथे रीनोला परत येतो, आमच्या पाच डॉलरच्या ब्लॅकजॅकच्या टेबलावर. तसा कवडीचुंबक. वेट्रेसला अर्धा डॉलर देताना त्याचा हात थरथरतो, आणि ते वयामुळे नाही. पण रोज आपल्या पाच डॉलरच्या डावाशेजारी एक डॉलर लावून म्हणतो, "हा हॉलिसचा." टेबलावर हॉलिस असो नसो. का, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. हॉलिसही सांगायचा नाही.

"अजून हाकललं नाही तुला इथून?" त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"तुम्ही अजून आहात का?"

"मरायला सवड कुठाय? चार महिने नातवंडांच्या सायकलींची पंक्चरं काढत होतो. वाट पत्ते. आणि तो बडबड्या कुठाय तुझा?"

मी पत्ते पिसत होते. आमच्यात तासभर पत्ते वाटले की वीस मिनिटं ब्रेक असतो, आणि गिऱ्हाईक दिवसातून पन्नास वेळा विचारतं की अमका कुठे, तमकी कुठे. उत्तर तोंडात तयार असतं. विचार करावा लागत नाही.

"ब्रेकवर आहे," मी म्हणाले.

"बरं. येऊ दे." त्याने पाच डॉलर लावले, शेजारी एक. "हा हॉलिसचा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण शब्द बाहेर पडला आणि टेबलावर पडलेल्या पत्त्यासारखा तो परत उचलता येईना. मी वाटले. माझ्याकडे सहा दिसत होता, मग राजा आला, मग नऊ. बेरीज एकविसाच्या वर गेली, मी बुडाले, तो जिंकला. मी त्याचे पैसे दिले आणि हॉलिसच्या एकावर एक ठेवला. नेहमी ऑरिन ते दोन माझ्याकडे सरकवतो आणि मी पेटीत टाकते. आज त्याने ते स्वतःकडे ओढून कॉफीच्या कपाशेजारी ठेवले.

"आज त्याच्या हातात देणार. चार महिन्यांचा हिशेब बाकी आहे. आला की त्याच्या डोळ्यांदेखत."

पुढच्या डावात पुन्हा एक हॉलिसचा. मग पुन्हा. तो दिवस हॉलिसचा होता. ऑरिनचे स्वतःचे पाच कधी जायचे कधी यायचे, पण मधेच त्याला एकवीस लागायचे आणि कपाशेजारची चळत वाढायची. मग त्याने हॉलिसचे दोन लावले, मग चार.

"बघ तुझ्या नवऱ्याचं नशीब. इथं नाही तर जास्त कमावतोय."

"तो नेहमीच जास्त कमावतो," मी म्हणाले.

"त्याचा ब्रेक किती वेळचा असतो गं?"

"येईल."

माझ्या खांद्यावर हात पडला. माझ्या ब्रेकची वेळ झाली होती. सोडवायला क्रिसांता आली होती. मी हळूच टाळी वाजवली, दोन्ही तळवे वर छताच्या कॅमेऱ्याला दाखवले, हातात काही नाही, आणि बाजूला झाले. मागे ऑरिनचा आवाज आला, "ए पोरी, त्या हॉलिसला सांग ना, म्हातारा थांबलाय." क्रिसांताने वळून माझ्याकडे बघितलं. मी चालत राहिले.

ब्रेकच्या खोलीत मी ट्यूनाचं सँडविच काढलं आणि खाल्लं नाही. आता ती त्याला सांगेल, असा मी विचार केला. सांगायलाच हवं, आणि तिने सांगितलं तर बरंच होईल, माझं काम होऊन जाईल. घर भाड्याचं, दोन पोरी, चार दिवस. तिने का म्हणून माझं झाकावं? सोड्याच्या यंत्राची घरघर चालली होती. मी सँडविच परत गुंडाळून ठेवलं आणि वीस मिनिटं झाल्यावर टेबलावर गेले.

ऑरिन तसाच बसला होता. चळतीच्या आता तीन चळती झाल्या होत्या, आणि त्याने स्वतः खेळणं थांबवलं होतं.

"ही पोरगी म्हणते, त्याचा ब्रेक आज जरा लांबलाय," तो म्हणाला. "वरच्या साहेबांनी बोलावलंय म्हणे. काही भानगड नाही ना? नोकरीवर तर नाही ना आलं त्याच्या?"

क्रिसांता टाळी वाजवून, तळवे दाखवून बाजूला झाली होती. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मान खाली घालून, चोरी पकडल्यासारखी गेली. चोरी माझी आणि मान तिची खाली.

तेव्हा मला लाज वाटली. सात आठवड्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ते काय, तर लाज. सगळा कॅसिनो सात आठवडे माझ्यासाठी हेच म्हणत होता. हॉलिस ब्रेकवर आहे. प्रत्येकजण आपल्या वाट्यातून त्याचे पैसे भरत होता, आणि कुणी एका शब्दाने मला विचारत नव्हतं की बाई, तो येणार कधी?

"ऑरिन," मी म्हणाले, "हॉलिस वारला. फेब्रुवारीत. मघाशी मी खोटं बोलले. मुद्दाम नाही, तोंडातून गेलं."

त्याने टोपी गुडघ्यावरून उचलली, बघितली, परत ठेवली. डोळे भरले तसे त्याने ते कोटाच्या बाहीने पुसले, अजिबात न लपवता. त्याला किती सहज जमलं ते बघून मला हेवा वाटला.

"माझी बायको गेली ना," तो म्हणाला, "त्या दिवशी दवाखान्यातून थेट इथं आलो होतो. घरी जाववेना. हा बडबड्या टेबलावर होता. मी सांगितलं, लिओना गेली. वाटलं, आता हा डोकं खाणार. एक शब्द बोलला नाही गं. पाळी संपेपर्यंत नुसते पत्ते वाटत राहिला. मी हरत होतो की जिंकत होतो, देव जाणे."

मला हे माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं एका माणसाची भांडी घासली, आणि तो गप्प राहू शकतो हे मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

ऑरिनने तिन्ही चळती माझ्याकडे सरकवल्या. "घे. आता तुझे."

"माझे होत नाहीत. सगळ्यांचे होतात."

"त्याचे तरी होतील का थोडे?"

होणार होते. त्याचं नाव अजून होतं. आज संध्याकाळी स्नेझानाने विचारलं आणि सगळ्यांनी बुटांकडे बघितलं, की ह्यातला चाळीस तासांचा वाटा त्याचा. पेटीत टाकण्याआधी चिप, म्हणजे डॉलरची चकती, लोखंडी कडेवर ठोकायची असते, सुपरवायझरला ऐकू जावी म्हणून. मी एकदा ठोकते. हॉलिस दोनदा ठोकायचा, उगाच, दारात पाहुणा आल्यासारखं. मी दोनदा ठोकलं आणि टाकत गेले.

"वाटू?" मी विचारलं.

"वाट."

मी पत्ते वाटत राहिले.

संध्याकाळी चारला ब्रेकच्या खोलीत सगळे जमले. स्नेझानाने आधी ईस्टरच्या सुट्ट्यांचं काहीतरी काढलं, मग खोकली, मग म्हणाली, "हॉलिसचं नाव आहे तसंच. कुणाची हरकत नसेल तर..."

मी हात वर केला.

"हात खाली घे, मर्ना," स्नेझाना म्हणाली. "तुला पाणी हवंय का?"

"माझी हरकत आहे. नाव काढा."

"अगं, कुणी काही म्हणालंय का तुला? कोण म्हणालं? नाव सांग मला."

क्रिसांता भिंतीला चिकटली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणी नाही म्हणालं," मी म्हणाले. "पण सात आठवड्यांत त्याने एक पत्ता वाटलेला नाही. असल्या कामचुकाराला कोण पोसतं?"

गेताचू फिसकन हसला आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मग आणखी कुणीतरी हसलं. क्रिसांता रडायला लागली. मी नाही. स्नेझानाने इकडेतिकडे बघितलं, दुसरा हात वर येतोय का याची वाट बघितली. एकाचाच पुरतो, हे तिलाही माहीत होतं. "ठीक आहे," ती म्हणाली, "काढलं." खोलीतून बाहेर पडताना क्रिसांता माझ्याजवळ थांबली. तिला काही बोलायचं होतं. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग." संध्याकाळचे सव्वाचार वाजले होते. ती रडता रडता हसली आणि गेली.

तो आठवडा मी पूर्ण काम केलं. सुपरवायझर विचारत फिरला, कुणाला घरी जायचंय, तेव्हा मी हात वर केला नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही. वाटणी झाली तेव्हा माझे चाळीस तास होते आणि हॉलिसचं नाव नव्हतं.

मी जिंकले होते. म्हणजे भांडी त्याच्यावर.

त्या रात्री मी ताट सिंकमध्ये ठेवलं आणि हात न लावता झोपले. दुसऱ्या दिवशी तव्याची भर पडली. मग कप. कायदा म्हणजे कायदा. त्याने माझ्याकडून सात आठवडे घासून घेतली होती. शनिवारी सकाळी कॉफी झाली आणि ओतायला घरात एक कप उरला नाही. सिंक काठोकाठ भरला होता, वास मारत होता. मी समोर उभी राहिले आणि मोठ्याने, चिडून म्हणाले, "हॉलिस, पाळी तुझी आहे."

मी थांबले. दिवाणखान्यातून कुणी उठलं नाही. कुणी कण्हलं नाही. मग मी यंत्राला, त्या बटाट्यांच्या यंत्राला, पाठ टेकून फरशीवर बसले आणि जे सात आठवडे येत नव्हतं ते आलं. कधी थांबलं ते मला माहीत नाही. कॉफी गार झाली होती.

भांडी अजून तशीच आहेत.